ल्युपसमध्ये चालायला सुरुवात केली की काही दिवसांतच कोसळायला होतं? कारण असं शोधा

"मॅडम, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून सुरुवात केली. पहिले काही दिवस इतकं बरं वाटलं! मग एक दिवस अशी गळून गेले की आठवडाभर पलंगावरून उठवेना. जरा बरं वाटल्यावर परत सुरू केलं, तर परत तेच." ल्युपस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असलेल्या बायकांकडून ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकते की पुढचं वाक्यही ओळखीचं झालंय: "आता घरचेच म्हणतात, झेपत नाही तर जातेस कशाला?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत संधिवात आणि ल्युपसचे रुग्ण बरेच असतात. ल्युपस पुरुषांपेक्षा बायकांमध्ये सुमारे नऊपट जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा १५ ते ४५ या वयात सुरू होतो, म्हणून मी इथे बाईला धरून बोलते आहे. पुरुषांनाही यातलं सगळं लागू आहे.

पहिली गोष्ट अशी, की चालणं वारंवार बंद पडतं याचा अर्थ तुमच्यात जिद्द कमी आहे असा नाही. चालणं ल्युपसला वाईट असंही नाही. २००३ साली लंडनमधल्या एका अभ्यासात ल्युपसच्या रुग्णांना १२ आठवडे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला होता. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या जणांनी "खूप बरं वाटतं" असं सांगितलं. ज्यांना व्यायाम दिला नव्हता त्यांच्यात असं सांगणारे सहात एक होते. संधिवाततज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २०२३ साली औषधांखेरीजच्या उपचारांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही ल्युपसच्या थकव्यासाठी एरोबिक व्यायाम सुचवला आहे. चालणं हा त्यातला सगळ्यात साधा प्रकार.

चालणं सोडू नये याचं दुसरं कारण हृदयाचं, आणि ते तरुण मुलींना कुणी सांगतच नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपस असलेल्या बायकांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या पन्नासपटीहून जास्त आढळलं होतं. त्यानंतर उपचार पुष्कळ सुधारले. तरीही रक्तवाहिन्या लवकर कडक होण्याचा धोका ल्युपसमध्ये राहतोच. म्हणून "झेपत नाही तर सोड" हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी मला मान्य नाही. चालणं सोडायचं नाही. ते नेमकं कुठे अडतं ते शोधून काढायचं.

चालायचंच नाही असे दिवस

शोध घेण्याआधी हे वाचा. पुढच्या गोष्टी दिसत असतील तर प्रश्न चालण्याचा नाही, आजाराचा आहे. अशा वेळी बूट काढून ठेवायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा.

ताप आहे. सांधा लाल, गरम, सुजलेला आहे. खोल श्वास घेतला की छातीत कळ येते, किंवा आडवं पडल्यावर छाती दुखते आणि पुढे वाकून बसल्यावर बरं वाटतं. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या असतात, घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा पडतो, लघवीला फेस येतो. ही मूत्रपिंडाची लक्षणं असू शकतात आणि त्यात वेदना अजिबात नसते, म्हणून ती अंगावर काढली जातात.

एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली, दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली, तर फोनही करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ल्युपसच्या काही रुग्णांमध्ये अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतात आणि त्यांच्या रक्तात गुठळी होण्याची शक्यता जास्त असते. पोटरीत गोळा आला असेल असं समजून ती चोळत बसणं धोक्याचं आहे. चक्कर येऊन पडणं, बोलण्यात गोंधळ, झटके हेही तसंच.

यातलं काही नसेल तर पुढे जाऊ.

कोसळता कधी?

मी रुग्णाला पहिल्या भेटीत किती चालता हे विचारत नाही. चालल्यानंतर किती वेळाने त्रास सुरू होतो आणि तो नेमका कुठे होतो, हे विचारते. निम्मं उत्तर त्यातच असतं.

चालायला लागल्यावर पाच मिनिटांतच धाप लागते, छाती धडधडते, कानात ठोके ऐकू येतात, पण पाय दुखत नाहीत? मग आधी रक्त तपासा. ल्युपसमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं फार नेहमीचं आहे. कधी लोह कमी असतं, कधी दीर्घकाळच्या दाहामुळे रक्त तयार होण्याचा वेग मंदावतो, आणि काहींमध्ये शरीरच स्वतःच्या तांबड्या पेशी फोडतं. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. थायरॉइडही बघून घ्यावं, कारण ल्युपससोबत तो बऱ्याच जणींना असतो आणि त्याचा थकवा हुबेहूब ल्युपससारखा वाटतो. रक्त आणि थायरॉइड दोन्ही ठीक असूनही धाप लागत असेल तर फुप्फुसं आणि हृदय तपासायला हवं. हिमोग्लोबिन आठवर असलेल्या बाईला रोज चालायचा आग्रह धरणं हा तिच्यावर अन्याय आहे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या भरून येतात, अंग मोडून येतं, पण ताप नाही, पुरळ नाही, सांधे सुजलेले नाहीत? हा मात्रेचा प्रश्न आहे. सगळ्यात जास्त जणी याच गटात असतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने किंवा त्याहूनही उशिरा गालांवर लाली येते, हातांवर पुरळ येतं, तोंड येतं, केस हातात यायला लागतात, सांधे ठणकतात? संशय उन्हावर घ्या. उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या पेशी मारतात, त्या पेशींच्या आतला ऐवज बाहेर पडतो आणि ल्युपसमधली बिथरलेली रोगप्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते. हे सगळं व्हायला वेळ लागतो. त्यामुळे सोमवारी घेतलेलं ऊन शनिवारी भोवतं, आणि दोष मात्र शुक्रवारच्या चालण्याला दिला जातो.

सपाटीवर काहीच त्रास नाही, पण जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, खाली बसलं की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, आणि दुखत मात्र काहीच नाही? स्टिरॉइड बरेच महिने चालू असेल तर त्याने कमरेजवळचे आणि मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. स्नायूंना दाह झाला असेल तरीही चित्र असंच दिसतं, म्हणून हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. यावर जास्त चालून उपयोग होत नाही. मांड्यांना ताकदीचा व्यायाम लागतो: उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला पाठ लावून थोडं खाली सरकणं. आठवड्यातून दोन-तीनदा, थोडं थोडं.

आणि जांघ. इथे मी जरा थांबून सांगते, कारण ही गोष्ट सगळ्यात जास्त उशिरा कळते. एका बाजूच्या जांघेत खोलवर दुखणं, पाय जमिनीवर टेकवला की वाढणारं, कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरणारं, हळूहळू लंगडायला लावणारं: असं असेल तर "चालून सुटेल" असं म्हणून चालत राहू नका. स्टिरॉइडचे मोठे डोस घेतलेल्या रुग्णांमध्ये खुब्याच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येतो. एमआरआयमध्येच ते दिसतं. लवकर कळलं तर हाड वाचवण्याचे मार्ग असतात, गोल खचल्यावर फार उरत नाहीत. मधल्या काळात त्या पायावर वजन किती टाकायचं हे अस्थिरोगतज्ज्ञ ठरवतील. वय कितीही कमी असलं तरी ही शंका घ्यायचीच.

थंडीच्या दिवसांत पहाटे फिरायला गेल्यावर बोटं आधी पांढरी, मग निळी, घरी आल्यावर लाल होऊन आग होते, त्याला रेनॉड म्हणतात. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत हे हमखास दिसतं. हातमोजे आणि जाड पायमोजे घालायचे, पण अंगही गरम ठेवायला हवं. नुसते हात झाकून भागत नाही. बोटाच्या टोकाला जखम किंवा काळा डाग दिसला तर लगेच दाखवा.

एक गोष्ट फार थोड्या जणी जोडून पाहतात: स्टिरॉइडच्या डोसात झालेला बदल. डोस नुकताच वाढवलेला असतो तेव्हा अंगात उसनी ताकद येते, झोप कमी झाली तरी उत्साह वाटतो, आणि नेमकं त्याच आठवड्यात बाई जोरात चालायला सुरुवात करते. पुढे डोस कमी होतो आणि अंग दुखायला लागतं, थकवा येतो. वाटतं, चालण्यामुळे झालं. कॅलेंडरवर डोस बदलल्याच्या तारखेला खूण करून ठेवलीत तर हा घोळ एका नजरेत लक्षात येतो. थकवा आला म्हणून स्टिरॉइड स्वतःहून बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं, कारण बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं.

मात्रेचा प्रश्न: चांगल्या दिवसाचा सापळा

आता सगळ्यात मोठ्या गटाकडे येते.

ल्युपसचा थकवा रोज सारखा नसतो. मधूनच एखादा दिवस असा येतो की जाग येते तीच हलकं वाटत. त्या दिवशी बाई काय करते ते मला अगदी पाठ झालंय. साठलेले कपडे धुते, माळ्यावरचे डबे काढते, पोरांसाठी काहीतरी खास करते आणि संध्याकाळी मैत्रिणीबरोबर पाऊण तास फिरून येते. यात तिची चूक कसली? इतके दिवस पडून राहिल्याची टोचणी असते, घरच्यांच्या नजरा असतात. पण पगाराच्या दिवशीच महिन्याचा सगळा किराणा, बिलं आणि वर साडीखरेदी करून टाकली तर दहा तारखेला हात रिकामे होणारच. चार-पाच दिवस ती उठू शकत नाही. त्या पडून राहण्यात स्नायू आणखी सैल पडतात, आणि पुढच्या वेळी पूर्वीपेक्षा कमी चालूनही कोसळायला होतं. दर फेरीत ताकद थोडी खाली घसरते. हे चक्र तोडल्याशिवाय कुठलाही व्यायाम टिकत नाही.

तोडायचं कसं? किती चालायचं हे चांगल्या दिवसावरून ठरवायचंच नाही. स्वतःला असं विचारा: "जरा वाईट दिवस आहे, पण फ्लेअर (आजार उसळणं) नाही. अशा दिवशी सपाट रस्त्यावर किती मिनिटं चालले तर उद्या त्रास होणार नाही?" जे उत्तर येईल त्याहून थोडं कमी घ्या. ज्या बाईला कोसळण्याआधी ४० मिनिटं चालायची सवय होती तिचं उत्तर बहुधा आठ-दहा मिनिटं येतं. खूप जणींचं पाच येतं. "पाच मिनिटांसाठी बूट घालायचे?" असं विचारताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते मला समजतं. हो, पाच मिनिटांसाठी बूट घालायचे. कारण ही पाच मिनिटं वाईट दिवशीही होणार आहेत.

खरी कसोटी पुढे आहे. चांगल्या दिवशीही तेवढंच चालायचं. अंगात कितीही ताकद वाटली तरी पाच म्हणजे पाच. ही शिस्त पाळणं थकव्याशी झगडण्यापेक्षाही अवघड आहे, कारण मन म्हणतं, आज जमतंय तर घे चालून. नाही. दोन आठवडे आकडा हलवायचा नाही. सुरुवातीला एक दिवसाआड चाललं तरी पुरे.

मात्रा बरोबर आहे का हे दोन प्रकारे कळतं. चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. नाडी मोजायच्या घड्याळावर विसंबू नका, विशेषतः रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर, कारण ती ठोके दाबून ठेवते. दुसरी खूण चालणं झाल्यानंतरची. चालल्यावर वाढलेलं दुखणं दोन तासांत आधीच्या पातळीवर यायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तुम्हाला नेहमीसारखं वाटायला हवं. नाही वाटलं, तर मिनिटं चौथाईने कमी करा. दिवस कमी करू नका.

दोन आठवडे सुरळीत गेले की एक-दोन मिनिटं वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: मिनिटं वाढवली तर वेग तोच, रस्ताही तोच. चढाचा रस्ता, नवे बूट आणि पाच मिनिटं जास्त असं एकाच आठवड्यात केलंत तर त्रास कशाने झाला हे कधीच कळणार नाही. सलग १५ मिनिटं जमत नसतील तर सकाळी सात मिनिटं आणि संध्याकाळी आठ मिनिटं अशी वाटून घ्या. ल्युपसच्या थकव्यात तुकड्यांनी चालणं अनेकींना जास्त मानवतं.

मोबाइलमधल्या दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकताना पुढे आला. तो कुठल्या रुग्णाची तपासणी करून काढलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. तिथे पोहोचायला तुम्हाला सहा महिने लागले तरी चालेल, वर्ष लागलं तरी चालेल. शंभरावर थांबलात तरी तुमचं हृदय आणि सांधे घरी बसून राहण्यापेक्षा चांगल्या स्थितीत असतील.

घरकाम हिशोबात धरा

मोजताना बहुतेक जणी फक्त फिरायला गेलेली मिनिटं मोजतात. पण सहा माणसांच्या पोळ्या उभ्याने लाटणं, ओले कपडे गच्चीवर नेणं, वाकून केर काढणं, पिंपातलं पाणी भरणं ही सगळी मेहनतच आहे, आणि शरीर ती वेगळ्या खात्यात लिहीत नाही. ज्या दिवशी गौरी-गणपतीचा स्वयंपाक आहे, दिवाळीचा फराळ चालू आहे किंवा लग्नघरी उभं राहायचं आहे, त्या दिवशीचं चालणं निम्मं करा किंवा सोडा. सरकारी रुग्णालयातला तपासणीचा दिवस तर पूर्ण दिवसाची मेहनत समजा: पहाटेची एसटी, केसपेपरची रांग, रक्त द्यायची रांग, औषधांची रांग. घरी परतल्यावर "आज चालणं राहिलं" म्हणून अंधारात फेऱ्या मारायची काहीही गरज नाही.

घरच्यांना उद्देशूनही दोन शब्द. ती चांगल्या दिवशी फक्त दहा मिनिटं चालून परत येते आणि बसते, तेव्हा "आज तर बरी दिसतेस, अजून एक चक्कर मार की" असं म्हणू नका. ती बसते आहे म्हणूनच उद्या पुन्हा चालणार आहे. बसून पोळ्या लाटता येतील असं उंच स्टूल ओट्याजवळ आणून ठेवलंत तर ती मदत कुठल्याही टॉनिकपेक्षा मोठी आहे.

उन्हाचं वेळापत्रक

"सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरा, ड जीवनसत्त्व मिळतं" हा सल्ला ल्युपसच्या रुग्णाला देऊ नये. ड जीवनसत्त्व कमी असेल, आणि ऊन टाळणाऱ्यांमध्ये ते बहुधा कमी असतंच, तर ते तपासून गोळीतून घ्यायचं.

अतिनील किरण सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात सगळ्यात तीव्र असतात. बाहेर उभं राहून स्वतःची सावली बघा: ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन तीव्र आहे, परत फिरा. मे महिन्यात पुण्याला सहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हा साडेपाच-पावणेसहाला निघून सातच्या आत घरी यावं. जानेवारीत सूर्योदयच सातनंतर होतो, त्यामुळे आठ वाजेपर्यंत सवड मिळते, आणि रेनॉड असणाऱ्यांना ही उशिराची वेळच बरी. नागपूर-चंद्रपूरकडे सूर्य पुण्या-मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, तिथे तेवढं आधी निघा. सांधे सकाळी आखडत असतील तर पहाटेचा हट्ट नको. सूर्य मावळल्यावर चाला. आखडलेल्या पायांनी निघालेली बाई चुकीचं पाऊल टाकते, मग गुडघा दुखतो, मग आठवडा जातो.

सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, शक्यतो ५०, आणि यूव्हीए किरणांपासूनही (हा अतिनील किरणांचाच एक प्रकार) रक्षण करणारं घ्या. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावा. दोन बोटांच्या लांबीइतकी पट्टी चेहरा आणि मानेला लागते. कान आणि पावलांचा वरचा भाग बहुतेक जणी विसरतात. पुण्यातल्या मुली गाडीवर घालतात तो सनकोट आणि चेहऱ्याला गुंडाळायचा स्कार्फ ल्युपससाठी उत्तम आहे, फक्त कापड घट्ट विणीचं असू द्या. उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात. ढगाळ आभाळावर विश्वास ठेवू नका, पातळ ढगांतून अतिनील किरण बरेच खाली येतात. यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, त्यामुळे बसच्या खिडकीशी बसून केलेला दुपारचा प्रवासही उन्हातच धरायचा.

पावसाळ्यात रस्ते निसरडे असतात आणि स्टिरॉइडमुळे हाडं ठिसूळ झालेली असतील तर पडणं परवडत नाही. सोसायटीचं पार्किंग, शाळेची पडवी, मंदिराचा सभामंडप, घरातला हॉल ते गॅलरी, कुठेही चाला. घरात फेऱ्या मारताना मात्र सारखं एकाच बाजूला वळू नका. एक फेरी उजवीकडून, एक डावीकडून.

अनवाणी, उपाशी, आणि वारी

नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम पुष्कळ जणी करतात. ल्युपसमध्ये, त्यातही स्टिरॉइड किंवा रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना, पायाला झालेली छोटी जखमही लवकर भरत नाही आणि त्यात जंतू शिरतात. नेम घरातल्या देवापुढे पाळा, रस्त्यावर पायात चपला असू द्या. चालण्यासाठी बूट असे हवेत की आत बोटं हलतील आणि टाच हलणार नाही. कडक उपासाच्या दिवशी चालणं टाळा. रिकाम्या पोटी चालून आलेली चक्कर ल्युपसची की उपासाची हे कुणालाच सांगता येत नाही.

वारीबद्दल दर ज्येष्ठात कुणीतरी विचारतं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट आहे, रोजचा पल्ला मोठा, चालणं दिवसाउजेडी, आणि ल्युपसला हवी ती विश्रांती मुक्कामावर मिळतेच असं नाही. पूर्ण वारी मी कुणालाही सुचवणार नाही. पण पालखी गावावरून जाते तेव्हा भल्या सकाळी किंवा संध्याकाळी, अंग झाकून, स्वतःच्या मिनिटांच्या हिशोबात तिच्याबरोबर थोडं चालायला काहीच हरकत नाही. एका रुग्णाने त्यासाठी पाच मिनिटांपासून वाढवत जाऊन अर्ध्या तासापर्यंत मजल मारली होती, आणि तिला जाताना पाहून मला फार आनंद झाला होता.

फ्लेअर येऊन गेल्यावर

नीट काळजी घेऊनही फ्लेअर येतो, कारण तो फक्त चालण्यावर अवलंबून नसतो. फ्लेअरच्या दिवसांत बाहेरचं चालणं बंद, पण पूर्ण पडून राहू नका. डॉक्टरांनी विश्रांतीच सांगितली नसेल तर दर एक-दीड तासाने उठून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन या, पलंगावर घोटे फिरवा, गुडघे वाकवा-सरळ करा. ताप आणि सूज उतरली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की पुन्हा सुरुवात करा. मात्र जिथे सोडलं होतं त्याच्या निम्म्यावरून. वीस मिनिटांवर होतात तर दहावर या आणि दोन आठवडे तिथे राहा. फ्लेअरनंतर चालणं बंद पडलेल्या बहुतेक जणी थेट जुन्या आकड्यावर गेलेल्या असतात.

औषधं या सगळ्यात चालूच राहायला हवीत. एचसीक्यू, म्हणजे ल्युपसची नेहमीची हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन गोळी, तिचा परिणाम दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, त्यामुळे "चालून बरं वाटतंय, आता गोळी कशाला" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ती गोळी फ्लेअर थोपवून धरते. डोळ्यांची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तशी, करून घ्या. सांधे दुखतात म्हणून चालण्याआधी दुकानातून वेदनाशामक घेणं टाळा. मूत्रपिंडावर ल्युपसचा परिणाम झाला असेल तर त्या गोळ्या घातक ठरतात, आणि दुखणं दबल्यामुळे तुम्ही झेपेल त्याहून जास्त चालता.

एवढं करूनही तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, रक्ताचे रिपोर्ट शांत आहेत, सूज नाही, तरी सगळं अंग दुखतं, झोपून उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटत नाही, अंगाला हात लावला तरी दुखतं, तर ल्युपससोबत फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा वेगळा आजार) आहे का हे विचारा. बऱ्याच रुग्णांना दोन्ही असतात. त्यातही चालणं उपयोगी पडतं, पण सुरुवात आणखी कमी मिनिटांनी आणि वाढ आणखी सावकाश करावी लागते. अशा वेळी स्टिरॉइड वाढवून फायदा होत नाही. मन खचलेलं असेल, काहीच करावंसं वाटत नसेल, तर तेही त्याच भेटीत सांगा. त्यावर उपचार आहेत.

संधिवाततज्ज्ञांकडे जाताना एक साधी वही न्या. रोज एक ओळ पुरे: किती मिनिटं चालले, किती वाजता, ऊन होतं का, घरात मोठं काम होतं का, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, पाळी आणि औषधातला बदल. "मला थकवा येतो" या वाक्यावर डॉक्टरांना फारसं काही करता येत नाही. "दहा मिनिटांपर्यंत ठीक, बाराव्या मिनिटाला उजव्या जांघेत दुखतं, डोस कमी केल्यापासून वाढलंय" यावर ते त्याच दिवशी एमआरआय लिहून देऊ शकतात.